एकच रायफल, तीन काडतुसं: पुण्यात बनलेल्या 'मल्टी-कॅलिबर' बंदुकीची गोष्ट

मॅपवर नुसतं 'शिळफाटा' टाकलं की हमखास गडबड होते. एक शिळफाटा मुंब्र्याजवळ, कल्याण-शिळ रस्त्यावर. दुसरा आमचा, खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे हायवेवर. नाव तेच, पण चुकीच्या शिळफाट्याला उतरलात तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

बंदुकीच्या काडतुसांचंही असंच आहे. बातम्यांत आपण '७.६२ ची गोळी' असं ऐकतो. पण ७.६२ या नावाची वेगवेगळी लष्करी काडतुसं आहेत आणि एकाचं काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत चालत नाही. मग एकाच बंदुकीत दोन-तीन प्रकारची काडतुसं वापरता येतात का? येतात. अशी एक रायफल आमच्या इथून बोरघाट चढून गेलं की पुण्यातच तयार झाली होती. ती सैनिकांच्या हातात का आली नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी आकडे वाचायला शिकू

ज्याला आपण सरसकट 'गोळी' म्हणतो ते खरं तर काडतूस. त्यात चार गोष्टी असतात: धातूची केस, आतली दारू, मागच्या बाजूला ठिणगी देणारा प्राइमर आणि पुढे बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी.

काडतुसाच्या नावात दोन आकडे असतात. पहिला साधारणपणे नळीचा व्यास सांगतो, दुसरा केसची लांबी. दोन्ही मिलिमीटरमध्ये.

• ५.५६ × ४५: इन्सास रायफलचं. वजन साधारण १२ ग्रॅम.
• ७.६२ × ३९: एके-४७ चं. साधारण १६-१७ ग्रॅम.
• ७.६२ × ५१: जुन्या एसएलआर रायफलचं. साधारण २४ ग्रॅम.

म्हणजे शेवटच्या दोघांत पहिला आकडा सारखा, पण दुसऱ्या आकड्यात सगळी गोम आहे.

काडतूस बदलायचं तर काय काय बदलावं लागतं?

नळीचा व्यास गोळीला जुळला पाहिजे. नळीच्या मागचा चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो खळगा, केसच्या आकाराचा हवा. काडतुसाची मागची कड पकडणारा बोल्ट त्या कडेच्या मापाचा हवा. ५.५६ ची कड सुमारे ९.६ मिमी रुंद असते, एके-४७ च्या काडतुसाची सुमारे ११.३ मिमी. शेवटी मॅगझिन. एकेचं काडतूस पुढे निमुळतं होत जातं, म्हणून ती एकावर एक रचली की आपोआप वळण येतं. एकेचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं दिसतं ते शोभेसाठी नाही.

यातून तीन प्रकार पडतात.

पहिला: काहीच न बदलता. बारा बोअरच्या बंदुकीत बारीक छर्रे, मोठे छर्रे किंवा एकच जड गोळी असलेलं काडतूस चालतं, कारण बाहेरचं माप तेच असतं. '.३५७ मॅग्नम' रिव्हॉल्व्हरमध्ये '.३८ स्पेशल' काडतूस चालतं. दोघांची जाडी एकच, .३८ थोडं आखूड. उलटं मात्र चालत नाही. मॅग्नम मुद्दाम लांब ठेवलं, म्हणजे त्याचा जास्त दाब न झेपणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते बसूच नये. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, ही बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी.

दुसरा: फक्त नळी बदलून. अमेरिकेतलं '.३०० ब्लॅकआउट' हे काडतूस ५.५६ चाच बोल्ट आणि तेच मॅगझिन वापरतं. सोयीचं वाटतं ना? धोका तिथेच आहे. मॅगझिन सारखंच असल्याने चुकून हे काडतूस ५.५६ च्या रायफलमध्ये जाऊ शकतं. जाड गोळी अरुंद नळीत अडकते, दाबाला वाट मिळत नाही आणि रायफल चालवणाऱ्याच्या तोंडासमोर फुटते. असे अपघात झालेले आहेत.

तिसरा: नळी, बोल्ट, मॅगझिन असा सगळा संच बदलून. यालाच खरी मल्टी-कॅलिबर रायफल म्हणतात.

पुण्याची रायफल

पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही प्रयोगशाळा आहे. इन्सासचं डिझाइन इथलंच. याच संस्थेने एमसीआयडब्ल्यूएस नावाची रायफल बनवली आणि २०१४ च्या डिफेन्स एक्स्पोमध्ये ती लोकांनी पाहिली. सांगाडा एक, पण काडतुसं तीन: ५.५६ × ४५, ७.६२ × ३९ आणि मधलं ६.८ × ४३.

हे हवं कशाला होतं? सैन्याकडे इन्सास होती, पण काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढताना जवान एके-४७ पसंत करत. हलकं ५.५६ जास्त संख्येने नेता येतं, जवळच्या चकमकीत ७.६२ चा दणका मोठा. म्हणून २०११ मध्ये सैन्याने ६६,००० मल्टी-कॅलिबर रायफलींसाठी परदेशी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. मोहिमेनुसार नळी बदलायची, अशी कल्पना. चाचण्या झाल्या, पण जून २०१५ मध्ये ती खरेदीच रद्द झाली. पुण्याची रायफलही सैन्यात दाखल झाली नाही.

कागदावर छान, मग अडलं कुठे?

इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर अडचणी स्पष्ट दिसतात. नळी बदलली की नेम बदलतो, म्हणजे पुन्हा गोळ्या झाडून साइट जुळवणं आलं. डोंगरात, रात्री, चकमकीच्या तोंडावर हे कोण करणार? प्रत्येक जवानामागे जादा नळी, बोल्ट आणि मॅगझिनं सांभाळावी लागणार. एकाच तुकडीत दोन प्रकारची काडतुसं पोचवायची, आणि ऐनवेळी चुकीची पेटी आली तर हातातली महागडी रायफल म्हणजे नुसती काठी.

पुढे सैन्याने वेगळी वाट धरली. २०१९ मध्ये ७.६२ × ५१ च्या ७२,४०० सिग रायफली मागवल्या. २०२१ मध्ये ७.६२ × ३९ च्या सहा लाखांहून जास्त एके-२०३ चा करार झाला, त्या अमेठीजवळ कोरव्याला बनतात. एका बंदुकीत सगळं कोंबण्याऐवजी कामाप्रमाणे वेगळी बंदूक.

कर्जत-लोणावळा मार्गावर पूर्वी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिनं धावायची. मुंबईकडचा १५०० व्होल्ट डीसी आणि बाकी देशातला २५,००० व्होल्ट एसी, दोन्ही त्यांना चालायचं. पण त्यासाठी दोन्हींची यंत्रणा पोटात घेऊन फिरावं लागे. पुढे मुंबईकडची मध्य रेल्वेही एसी झाली आणि त्या करामतीची गरजच संपली.

मल्टी-कॅलिबर रायफलचंही तेच. दोन पद्धती एकत्र नांदवायच्या असतील तेव्हा ती उपयोगी. एकदा कोणत्या कामाला कोणतं काडतूस हे नक्की ठरलं, की साधी बंदूकच बरी. आणि हे ठरवायला चुकलं तर किंमत मोजतो तो ट्रिगरवर बोट ठेवून उभा असलेला जवान.