विश्लेषण : खिडकी लहान, तरी झेनॉन आत! ‘पिंजरा रेणू’ हवेतून वायू कसे वेचतात?

हवेच्या एक कोटी भागांत झेनॉन एक भागही नसतो. तरीही उपग्रहांच्या आयन इंजिनांना आणि काही ठिकाणी भूल देण्यासाठी हा वायू लागतो. तो मिळवायचा तर आधी हवा थंड करून द्रवरूप करावी लागते. त्यात वीज प्रचंड लागते, म्हणून झेनॉन महाग. ब्रिटनच्या लिव्हरपूल विद्यापीठातील अँड्र्यू कूपर यांच्या गटाचे पिंजऱ्यासारखे सेंद्रिय रेणू मात्र नेहमीच्या तापमानालाच झेनॉन पकडतात.

पिंजरा तयार कसा होतो?

यातला सर्वांत परिचित रेणू ‘सीसी३’. तीन ‘हात’ असलेले चार रेणू आणि दोन हात असलेले सहा रेणू एका द्रावणात सोडले जातात. चार त्रिक बारा, सहा दुणे बारा; हाताला हात बरोबर पुरतो. प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि चार खिडक्यांचा पोकळ पिंजरा उरतो. चुकीची जोडणी झाली तरी ती सुटून पुन्हा जुळू शकते.

असे पिंजरे २००९ मध्ये ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एका पिंजऱ्याच्या एका ग्रॅममधील पोकळ्यांच्या भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस मीटर, म्हणजे सात बॅडमिंटन कोर्टांहून जास्त भरते. वायू या भिंतींना चिकटतो. यालाच अधिशोषण म्हणतात.

खिडकीहून मोठा अणू आत कसा शिरतो?

खरी गंमत इथे आहे. कागदावर सीसी३ची खिडकी सुमारे ०.३६ नॅनोमीटर, तर झेनॉनचा अणू ०.४ नॅनोमीटरहून मोठा. (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर.) नुसती मापे पाहिली असती तर हा रेणू झेनॉनसाठी बादच झाला असता. पण रेणू स्थिर नसतो. उष्णतेमुळे तो सतत थरथरतो आणि खिडकी क्षणभर मोठी होते. तेवढ्यात झेनॉन आत सरकतो. आतली पोकळी जवळपास त्याच्याच मापाची असल्याने चारही बाजूंनी त्याच्यावर भिंतींची ओढ असते. क्रिप्टॉनचा अणू लहान. तो सहज आत जातो आणि तितक्याच सहज निसटतो.

२०१४ मध्ये संशोधकांनी हवेच्या दहा लाख भागांत फक्त ४०० भाग झेनॉन आणि ४० भाग क्रिप्टॉन ठेवून चाचणी घेतली. क्रिप्टॉन आधी बाहेर पडला, झेनॉन मागे राहिला. वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करताना हे दोन्ही वायू बाहेर पडतात; अशी प्रक्रिया आपल्याकडे तारापूरलाही होते. त्यातला क्रिप्टॉन-८५ किरणोत्सारी असून त्याचे अर्धआयुष्य सुमारे पावणेअकरा वर्षे आहे. त्यामुळे ही वेगळवेगळ महत्त्वाची.

मग अडचण कुठे?

पिंजरा रेखाटणे तुलनेने सोपे, पिंजरे एकमेकांवर कसे रचले जातील हे सांगणे अवघड. गेल्या वर्षी नोबेल मिळालेल्या धातू-सेंद्रिय जाळ्यांत सगळे तुकडे पक्क्या बंधांनी जखडलेले असतात. पिंजरे सुटे असतात. फायदा असा की ते द्रावकात विरघळतात, त्यामुळे त्यांचा पातळ थर देता येतो. तोटाही तोच. ‘सीसी१’ या भावंडाचा एकच रेणू द्रावकाच्या संपर्कानुसार वेगळी रचना घेतो. एका रचनेत नायट्रोजन आत शिरतो, दुसरीत दारच बंद. त्यामुळे संशोधक आता संगणकावर आधी शेकडो संभाव्य रचना मांडतात, त्यातल्या स्थिर किती ते तपासतात आणि मगच प्रयोगशाळेत काचेची कुपी हातात घेतात.