मेलेल्या मादीच्या पेशींतून नवं रक्त

काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा अमेरिकेतला प्राणी. तो संपला, असंच धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंग राज्यातल्या मिटीत्सी गावाजवळ एका पशुपालकाच्या कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला आणि शोध सुरू झाला. शेवटी १८ जिवंत पकडले, पण वंश चालला फक्त ७ जणांचा. एकाच वळूवर पिढ्यान्‌पिढ्या कळप वाढवला की काय होतं, हे गोठेवाल्याला सांगायला नको.

विला नावाच्या मादीचा वंश असाच खुंटला होता. पण १९८८ मध्ये तिच्या पेशी सॅन डिएगोत गोठवून ठेवल्या होत्या. पाळीव फेरेटच्या अंडपेशीतलं केंद्रक काढून तिथे विलाच्या पेशीतलं केंद्रक बसवलं, गर्भ पाळीव मादीच्या पोटात वाढवला. १० डिसेंबर २०२० ला एलिझाबेथ ॲन जन्मली. गर्भाशयातल्या दोषामुळे तिला पिल्लं झाली नाहीत. विलाच्याच पेशींतून आलेली अँटोनिया मात्र २०२४ मध्ये व्याली. तीन पिल्लं, दोन जगली. खरी कमाई ही!

पण पिल्लं रानात खाणार काय? फेरेटचं पोट प्रेरी डॉगवर. हा नावाचाच कुत्रा, खारीच्या कुळातला, बिळात राहणारा. चारा खातो म्हणून पशुपालकांनी त्याला विष घालून मारलं, उरलेल्यांवर प्लेग आला. तोच प्लेग फेरेटलाही मारतो. म्हणून आजही तिकडे बिळांत पिसवा मारायची पावडर टाकतात आणि फेरेट पकडून त्यांना लस टोचतात.