गणवेशाची साक्ष आणि उडत्या तबकड्या



उडत्या तबकड्यांविषयी कुणी शंका काढली की एक ठरावीक उत्तर मिळते : ‘अहो, ही पारावरची गप्प नाही; प्रत्यक्ष लष्करातला अधिकारी सांगतो आहे!’ या उत्तरापुढे पुष्कळ माणसे गप्प बसतात. गप्प का बसू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. सैनिकाच्या सचोटीविषयी मला यत्किंचितही संशय नाही. परंतु सचोटी निराळी आणि माहितगारी निराळी. हुद्दा या दोहोंची जागा घेऊ शकत नाही.

कामगारावर आरोप आला म्हणजे कारखान्यात चौकशी बसते. तेथे कामगाराची बाजू मांडताना आम्ही युनियनवाले प्रत्येक साक्षीदाराला तीन गोष्टी विचारतो. तुम्ही स्वतः काय पाहिले? पाहिले त्याचा अर्थ कुणी लावला? आणि तुमच्या सांगण्याला दुजोरा देणारी वस्तू वा कागद कोठे आहे? साक्षीदार हमाल असो की मॅनेजर, प्रश्न तेच. तेच प्रश्न येथे लावून पाहू.

पहिला प्रश्न. २६ जुलै २०२३ रोजी अमेरिकन हवाई दलाचे माजी गुप्तवार्ता अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी तेथील प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे शपथेवर साक्ष दिली. मानवाने न घडविलेली याने सरकारने दडवून ठेवली आहेत, असे ते म्हणाले. परंतु ती याने त्यांनी स्वतः पाहिली नव्हती. चार वर्षांत चाळीसहून अधिक माणसांशी बोलून त्यांनी हे मत बनविले होते. आता शपथ बांधते ती बोलणाऱ्याला. त्याने ज्यांचे ऐकले त्यांना ती बांधत नाही. शिवाय चाळीस तोंडे म्हणजे चाळीस पुरावे असे धरता येत नाही. गिरणी बंद होणार असे एक कारकून सकाळी बोलला, तर संध्याकाळपर्यंत चाळीसजण तेच सांगू लागतात. मूळ कारकून एकच असतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याच्या अहवालाने असेच म्हटले की, दडविलेल्या यानांची कथा बहुतांशी त्याच त्या मंडळींत फिरत राहिली आहे. ज्याच्यावर आरोप त्याच खात्याचा हा अहवाल, म्हणून त्यावर मी सर्वस्वी विसंबणार नाही. तथापि सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावरच राहतो.

दुसरा प्रश्न अर्थ लावण्याचा. त्याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सरहद्दीवर आपल्या जवानांनी आकाशातील तेजस्वी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा ती वस्तू आपल्या हद्दीत शिरली असे त्यांना वाटले. चीनची टेहळणी विमाने असावीत, असा संशय होता. अखेर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारण्यात आले. वस्तू निघाल्या दोन : गुरू आणि शुक्र! जवान खोटे बोलले काय? मुळीच नाही. त्यांनी दिवा खरोखरच पाहिला होता. परंतु उंचावरच्या विरळ हवेत ग्रह अधिक तेजस्वी दिसतात, आणि अंधारात अंतर जोखावयास डोळ्यांना आधार नसतो. आपल्या देवबागच्या वाळूवरून सायंकाळी पाण्यालगत उतरलेला शुक्र पाहा. बोटीचा दिवा कोणता आणि ग्रह कोणता, हे जाणत्यालाही क्षणभर उमगत नाही. लडाखात शास्त्रज्ञांना न विचारता त्या ‘विमानां’वर कुणी तोफ रोखली असती, तर मोल जवानांनीच मोजले असते. येथे शंका घेतल्याने सैनिकाचा अपमान झाला नाही, त्याचे रक्षण झाले.

तिसरा प्रश्न वस्तूचा आणि कागदाचा. फिलिप कॉर्सो या अमेरिकेच्या निवृत्त लेफ्टनंट कर्नलने १९९७ साली पुस्तक लिहिले. १९४७ साली रॉझवेलजवळ परग्रहाचे यान कोसळले, त्यातील सामान आपण १९६१ नंतर कारखानदारांपर्यंत पोचविले, आणि इंटिग्रेटेड सर्किट व प्रकाश वाहून नेणारे काचतंतू त्यातून आले, असा त्यांचा दावा. आता तारखा लावून पाहा. काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठविण्याचा प्रयोग पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासह केला व तो १९५४ साली प्रसिद्ध झाला. जॅक किल्बी यांनी आपले सर्किट १९५८ साली चालवून दाखविले. म्हणजे कच्चा माल येण्यापूर्वीच पक्का माल तयार होता! माणसांनी हातांनी आणि बुद्धीने केलेल्या कामाचे श्रेय असे परस्पर आकाशाला देऊन टाकणे, हे मला कामगार चळवळीतला माणूस म्हणून विशेष बोचते.

कुणी म्हणेल, लष्कर लपवाछपवी करतेच ना? करते. सोविएत अणुस्फोटांचा कानोसा घेण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांचे ते अवशेष होते, असे अमेरिकन हवाई दलाने १९९४ साली म्हटले; म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर. पण मालक हिशेबाची वही दाखवीत नाही, म्हणून तीत आपण म्हणू तोच आकडा असतो असे नाही. वही उघडा, अशी मागणी करावी. ती उघडेपर्यंत आकडा सांगू नये.

याउलट २ एप्रिल २०२२ ची, गुढीपाडव्याची रात्र आठवा. महाराष्ट्राच्या आकाशातून जळते पट्टे गेले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे दोन-तीन मीटर व्यासाचे कडे पडले. तेथे कुणा कर्नलची साक्ष लागली नाही. गावकऱ्यांनी कडे पाहिले, अधिकाऱ्यांनी नोंद केली, इस्रोचे शास्त्रज्ञ तपासणीस आले, आणि चिनी अग्निबाणाच्या परतण्याच्या वेळेशी व मार्गाशी ताळा जमला.

उद्या परग्रहाचे यान खरोखरच सापडले, तर त्याचाही निवाडा असाच होईल. तोवर कुणी खांद्यावरच्या पट्ट्या दाखवून गोष्ट सांगू लागला, तर त्याला आदराने बसवावे, चहा द्यावा, आणि ते तीन प्रश्न विचारावेत. ते विचारण्याचा अधिकार शेवटच्या खलाशालाही आहे.