न झालेल्या न्यूमोनियाचं श्रेय

वैशेषिक परंपरेत ‘अभाव’ हादेखील एक पदार्थ मानला आहे. त्याचा एक प्रकार प्रागभाव, म्हणजे घडा घडण्यापूर्वी असलेला घड्याचा अभाव. हा शब्द हाताशी धरून आज आपण अतिदक्षता विभागात जाऊ. तिथल्या नर्सचं बरंचसं काम अशा एका अभावाची राखण करण्याचं असतं.

आता बघा. श्वासनलिकेत नळी घालून रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवतात. नळीमुळे जीव वाचतो. पण त्याला नीट खोकता येत नाही, गिळता येत नाही. मग तोंडातली लाळ जंतूंसकट नळीच्या फुग्यावर साचते आणि कडेने झिरपत फुप्फुसात उतरते. नळी घातल्यानंतर 48 तास उलटल्यावर होणारा न्यूमोनिया बहुधा असाच होतो.

उपाय साधे आहेत. मणक्याची इजा वगैरे अडचण नसेल, तर पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवायची. दात ब्रशने घासायचे. फुग्यातला दाब मोजायचा. कमी पडला तर लाळ झिरपते, जास्त झाला तर श्वासनलिकेला इजा होते. हात स्वच्छ ठेवायचे. आणि रोज डॉक्टरांना विचारायचं, गुंगीचं औषध कमी करता येईल का? नळी काढता येईल का?

पण जे झालंच नाही, ते कुणामुळे झालं नाही, हे कळणार कसं? एका रुग्णाकडे बघून कळत नाही, तुलना करावी लागते. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी ती केली आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. सपाट झोपवलेल्या 47 पैकी 16 जणांना न्यूमोनियाचा संशय आला. डोकं उंच ठेवलेल्या 39 पैकी फक्त 3 जणांना.

म्हणून हे नियम कर्मकांड नव्हेत, ते तपासून बदलतातही. क्लोरहेक्सिडिनने तोंड धुणं वर्षानुवर्षं चालू होतं. त्याने मृत्यूचा धोका वाढत असावा अशी शंका आली, आणि 2022 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी ते नको म्हटलं. ब्रश मात्र राहिला.

आता खरी अडचण. रात्रीचे तीन वाजलेत आणि एका नर्सकडे तीन व्हेंटिलेटर आहेत. अलार्म वाजला की धावावंच लागतं. पण उशीवरून खाली घसरलेल्या रुग्णाचा अलार्म वाजत नाही, न घासलेल्या दातांचाही नाही. म्हणजे आधी सुटतं ते न दिसणारं काम. त्याला नर्सचा आळस म्हणणं अन्यायाचं आहे. तो माणसं कमी ठेवण्याचा परिणाम आहे, आणि त्याची किंमत ज्याला बोलताही येत नाही तो रुग्ण मोजतो.

तेव्हा नातेवाईक म्हणून यंत्र कुठल्या कंपनीचं हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, ‘रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात?’