हे नेमकं काय काढलंय?

अमूर्त चित्रासमोर हा प्रश्न हमखास येतो. सोलापुरी चादरीला मात्र तो कुणी विचारत नाही. रंग आवडला, नक्षी आवडली, घेतली पांघरून! चित्राकडेही असंच मोकळेपणी जावं, असं मला मनापासून वाटतं.

सोलापूरजवळच्या कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहत आहे, विडी कामगार महिलांच्या १०,००० घरांची. तिथल्या एखाद्या दोरीवरची चादर उलटून बघा. नक्षी तीच, रंगांची मात्र अदलाबदल. इकडे पांढऱ्यावर लाल, तर तिकडे लालावर पांढरी. आकार तसूभर बदललेला नसतो, तरी फूल वेगळंच दिसतं. लाल रंग पुढे येतो, निळा मागे सरतो, ही जादू चित्रकारही वापरतात.

चित्रकार प्रभाकर बरवे तर बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते! दारं-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला.

घरांवरून आठवलं. १९६२ साली भावनगरला काही चित्रकार एका घरात जमले आणि त्या घराचा क्रमांकच त्यांनी गटाला दिला, 'ग्रुप १८९०'. त्यात आपले अकोल्याचे अंबादास होते.

माझे सर्वांत लाडके वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४चा. 'अमूर्त' हा शब्दच त्यांना मान्य नव्हता. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन ते रंगाचे पातळ थर चढवत, खरवडत, कागदाचे तुकडे दाबून उचलत. वर्षाकाठी चित्रं जेमतेम पाच-सहा. बहुतेक चित्रांना नावच नाही. त्यांच्या पिवळ्या चित्रासमोर दोन मिनिटं उभं राहिलं की आतून उजेड झिरपताना दिसतो. डोळे किंचित मिटून बघा, बारकावे विरतात आणि नुसते रंगांचे पुंजके उरतात.

आणि कात्री! कुंभारीतल्या बाया तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून सर्रकन कापतात. फ्रान्सच्या आंरी मातीसनं आजारपणात कुंचल्याऐवजी अशीच कात्री धरली, रंगवलेले कागद कापून चित्रं केली. कापून उरलेले तुकडेही तो टाकत नसे. कागदात राहिलेल्या रिकाम्या भोकाचाही त्याला आकार दिसायचा.