सर्जनशीलतेचे संगोपन आणि परिसर : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

सर्जनशीलतेचा विकास हे शिक्षणाचे एक प्रमुख उद्दिष्ट मानले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही त्यास महत्त्वाचे स्थान आहे. प्रत्यक्षात मात्र सर्जनशीलता ही चित्रकलेचा तास आणि स्नेहसंमेलन यांपुरती मर्यादित राहते. ग्रामीण विद्यार्थ्यांजवळ साधने नसल्याने त्यांच्या कल्पनाशक्तीस वाव नाही, असा समजही रूढ आहे. सदर लेखात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील तीन उदाहरणांच्या आधारे या समजाचा परामर्श घेतला आहे.

संकल्पना

जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे लक्ष वेधले. एका अचूक उत्तराकडे नेणारा अभिसारी विचार आणि अनेक शक्यता शोधणारा अपसारी विचार हा भेद त्यांनी स्पष्ट केला. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांच्या मते कल्पना शून्यातून निर्माण होत नाही. पूर्वानुभवातील घटकांची नवी जुळणी म्हणजे कल्पना होय. हे मान्य केल्यास विद्यार्थ्याचा परिसर हेच त्याच्या कल्पनाशक्तीचे पहिले भांडवल ठरते.

परिसरातील तीन उदाहरणे

१) नाणेघाट : येथील सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांच्या संख्या अंकचिन्हांनी कोरल्या आहेत. त्यांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. 'शून्याविना २४०९ ही संख्या कशी लिहाल?' या प्रश्नातून विद्यार्थी स्वतःची संख्यालेखनपद्धती रचू शकतात आणि स्थानमूल्याचे मोलही त्यांना उमगते.

२) हिरडा : आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील महादेव कोळी कुटुंबांतील मुलांना बाळहिरडा गोळा करणे व वाळविणे परिचित असते. हिरड्याच्या पाण्यात गंजलेले खिळे काही काळ ठेवल्यास टॅनिन व लोह यांच्या संयोगाने काळी शाई तयार होते. आणखी कोणत्या फळांपासून व सालींपासून अशी शाई होईल, याचा अंदाज बांधून तो पडताळणे हा रसायनशास्त्राचा स्वतंत्र प्रकल्प होऊ शकतो.

३) खोडद : येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. एवढ्या मोठ्या भरीव तबकड्या जड व खर्चिक झाल्या असत्या आणि त्यांवर वाऱ्याचा दाबही फार आला असता. डॉ. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या तारदोरांवर बारीक तारांची जाळी बसविण्याची रचना योजली. जाळीची छिद्रे एक-दोन सेंटिमीटरची, तर ग्रहण करावयाच्या लहरी त्याहून कितीतरी लांब. त्यामुळे त्या जाळीवरून परावर्तित होतात. खर्चाची मर्यादा येथे कल्पनेस अडसर न ठरता प्रेरक ठरली. 'तबकडीला छिद्रे का?' हा दुर्बीण रोज पाहणाऱ्या मुलाचा प्रश्न भौतिकशास्त्राचे दार उघडतो.

विवेचन

वरील तिन्ही उदाहरणांत महाग साधन कोठेही लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा प्रश्न. अडचण मूल्यमापनात आहे. ठरावीक उत्तरालाच गुण मिळत असतील, तर विद्यार्थी अपसारी विचार करण्याचे धाडस करणार नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडद येथे शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगांची प्रदर्शने भरत आली आहेत. अशा प्रदर्शनांत विकत आणलेली सुबक प्रतिकृती आणि विद्यार्थ्याने स्वतः केलेली ओबडधोबड रचना शेजारी मांडली गेल्यास परीक्षकाची नजर कोठे वळते, यावर पुढील वर्षीचे प्रयोग अवलंबून असतात.

यास्तव महाविद्यालयीन अध्यापकांनी पुढील उपाय विचारात घ्यावेत :

१) अंतर्गत मूल्यमापनात किमान एक प्रश्न परिसरावर आधारित व अनेक उत्तरांचा असावा.

२) प्रकल्पवहीत फसलेल्या प्रयत्नांची नोंद असावी आणि तिलाही गुण असावेत.

३) परिसरातील शाळांच्या शिक्षकांसमवेत असे प्रश्न तयार करण्यासाठी कार्यशाळा घ्याव्यात.

समारोप

कल्पनाशक्ती शिकविता येत नसली, तरी तिला पोषक वातावरण निश्चितच देता येते. नाणेघाटातील अंक, रानातील हिरडा आणि खोडदच्या तबकड्या विद्यार्थ्यांच्या अनुभवात आधीच आहेत. त्यांना वर्गात प्रवेश देणे आणि त्यांतून उमटलेल्या अनपेक्षित उत्तराचे स्वागत करणे, हे अध्यापकांचे उत्तरदायित्व आहे.