सीवाचें गोडें पाणी आणि खारें तळें

मिसर देशाच्या पश्चिम टोकाला, लिबियाच्या सरहद्दीपासून सुमारें 50 किलोमीटरवर, सीवा नांवाचें मरूद्यान आहे. भूमध्य समुद्राच्या कांठीं वसलेल्या मर्सा मत्रूह गांवापासून तेथवर सुमारें 300 किलोमीटरचा रस्ता आहे आणि बहुतेक सारी वाट रखरखीत वाळवंटाची. मग एकाएकीं उतार लागतो व खालीं खजुरीच्या शेंड्यांचें गर्द रान दिसूं लागतें. हा खोलगट प्रदेश समुद्रसपाटीच्याही सुमारें 18 मीटर खालीं आहे. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. सीवाचें सारें सुखदुःख त्यांतूनच निघतें.

आम्ही घरांतील लहानथोर मंडळी हिवाळ्यांत तेथें गेलों. सहकुटुंब जाणारांस हाच काल योग्य. दिवसा ऊन सोसवतें. रात्रीं मात्र वृद्धांना शालीवांचून बाहेर बसवत नाहीं. खजूर व ऑलिव्ह हीं तेथील मुख्य पिकें असल्यामुळें आमच्यासारख्या शाकाहारी माणसांचीही उपासमार होत नाहीं.

गांवालगत दगडांनीं बांधलेलें एक वाटोळें कुंड आहे. त्याला क्लिओपात्राचें नांव देतात. राणीचें नांव त्याला उगाच चिकटलें असावें, असें आमचें मत. इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हेरोडोटस यानें या बाजूच्या एका झऱ्याविषयीं लिहिलें आहे कीं, त्याचें पाणी भर दुपारीं गार व मध्यरात्रीं कढत असतें. मुलांना हा मोठा चमत्कार वाटला. आमच्या मातोश्रींनीं मात्र, “आपल्या परसांतल्या विहिरीचें पाणी थंडींत कोमट लागत नाहीं का?” असें विचारून त्याचा उलगडा केला. पाणी बहुधा तसेंच राहतें. बदलते ती हवा.

जवळच्या टेकडीवर आमोन देवाच्या देवळाचे अवशेष आहेत. इ. स. पूर्वीं 331 मध्यें अलेक्झांडर एवढें वाळवंट तुडवून येथें कौल घेण्यास आला होता. देवाच्या कौलासाठीं माणूस किती दूर जातो, हें कोंकणांतील वाचकांस सांगावयास नको! गांवाच्या मध्यभागीं शाली नांवाची जुनी गढी आहे. तिच्या भिंती तळ्याकांठच्या खारट चिखलाच्या ढेपांनीं रचलेल्या. पाऊस क्वचितच पडत असल्यामुळें त्या शतकानुशतकें टिकल्या. परंतु 1926 सालच्या मुसळधार पावसांत मीठ विरघळून कित्येक घरें ढासळलीं.

मुलांचा खरा जीव रमला तो मिठाच्या डबक्यांत. मीठ काढून घेतल्यावर उरलेले हे खड्डे निळ्याहिरव्या पाण्यानें भरलेले असतात. समुद्राच्या पाण्यांत शेंकडा साडेतीन भाग क्षार असतात. मिठानें पुरतें भरलेल्या पाण्यांत ते पंचवीसच्या वर जातात. त्यामुळें पोहतां न येणाराही उताणा तरंगत राहतो. मुलांना पालथें मात्र होऊं देऊं नये, आणि डोळे धुण्यास गोड्या पाण्याचें भांडें कांठावर ठेवावें. येथील मीठ युरोपांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठीं जातें.

परंतु तळ्याच्या कडेला पाण्यांत उभ्या वाळलेल्या खजुरी पाहिल्यावर आमचा आनंद निर्भेळ राहिला नाहीं. वाळवंटांतील हीं झाडें तहानेनें मेलेलीं नाहींत. अति पाण्यानें मेलेलीं आहेत. जमिनीखालीं गोडें पाणी विपुल. गेल्या कांहीं दशकांत शेंकडों विहिरी खोदल्या गेल्या व कित्येकांचें पाणी रात्रंदिवस वाहूं लागलें. बागांतून निथळलेल्या या पाण्याला खोलगट भूमींतून बाहेर पडण्यास वाट नाहीं. तें तळ्यांत सांचतें, उन्हानें उडून जातें आणि मीठ मागें ठेवतें. तळें फुगलें कीं भोंवतालच्या जमिनींतील पाणीही वर चढतें व मुळें कुजतात. आपल्याकडे नीरेच्या कालव्याखालीं उसाच्या कित्येक जमिनी खारवट झाल्या, त्यामागेंही अति पाणी व अपुरा निचरा हींच कारणें होतीं.

ज्या पाण्यांत आमचीं मुलें खिदळत होतीं, त्याच्याच भाऊबंदानें शेजारची बाग गिळली होती. अलीकडे सरकारनें कांहीं विहिरी बंद केल्या आहेत, आणि तळ्यांत उतरणारें पाणी दूर वाळवंटांत नेऊन सोडण्यासाठीं कालवा खणला आहे.